पिल्लांचा पहिला घास

(हीरकमहोत्सवी वर्षातील विज्ञानदिनी पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



विज्ञानदिनाला मराठीच्या बाईंनी बोलावे, तेही ऑक्टोपसच्या पिल्लांच्या आहारावर, याचे आपणांस नवल वाटत असेल. मलाही वाटते आहे. मैसूरपासून समुद्र लांब, नजरबादच्या या शाळेच्या खिडकीतून ऐकू येतो तो प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाचा आवाज, लाटांचा नव्हे. तरीही हा विषय मी निवडला नाही, तो माझ्याकडे चालत आला. त्याची हकिकत आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वी आठवीची सहल कारवारला गेली होती. तिथे समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांमध्ये जिताडा वाढवतात, ते मुलांना दाखवावे असे विज्ञानाच्या सरांच्या मनात होते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कारवार केंद्राने पिंजऱ्यातील मत्स्यशेतीवर बरेच काम केलेले आहे. पिंजरे पाहून झाले आणि परतताना आम्ही मासळीबाजारातून आलो. एका टोपलीत कोळंबीच्या बाजूला एक लहानसा ऑक्टोपस पडलेला होता. आठवीतली एक मुलगी तिथेच खिळली. "बाई, ही अष्टपदी!" मी मराठीची शिक्षिका, माझ्या डोळ्यांपुढे जयदेव उभा राहिला. मग तिने विचारले, "बाई, पिंजऱ्यातल्या माशांना दाणे टाकतात तसे ह्याच्या पिल्लांना काय घालतात?"

मला उत्तर आले नाही. सरांनाही आले नाही. मैसूरला परतल्यावर आम्ही वाचू लागलो, आणि जे हाती आले ते इतके विलक्षण होते की वर्षभर शिक्षककक्षात दुसरा विषय निघेनासा झाला.

प्रारंभ आईपासून करावा लागेल. युरोप, जपान वगैरे ठिकाणी जो सामान्य ऑक्टोपस खातात, त्याची मादी एका वेळी एक लाख ते पाच लाख अंडी घालते. अंडे तांदळाच्या दाण्याहूनही लहान, जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे. ही अंडी ती एकेका धाग्यात ओवून कपारीच्या छताला झालरीसारखी टांगते. मग ती तिथून हलत नाही. भुजांनी अंडी पुसत राहते, नळीतून पाण्याचा झोत सोडून त्यांना ताजा प्राणवायू पुरवते, आणि पाणी जितके थंड तितके हे काम लांबते. कोठे चार आठवडे, कोठे काही महिने. या काळात ती अन्न घेत नाही. पिल्ले बाहेर पडतात त्या सुमारास ती मरते.

हे ऐकून आपल्या मनात मातृप्रेमाचे चित्र उभे राहते. माझ्याही राहिले होते. परंतु १९७७ साली अमेरिकेतील जेरोम वोडिन्स्की या संशोधकाने अंडी घातलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागील दोन बारीक ग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा त्या माद्यांनी अंड्यांची राखण सोडली, पुन्हा खाऊ लागल्या आणि इतरांहून बऱ्याच अधिक काळ जगल्या. म्हणजे तो उपवास ग्रंथीने लादलेला होता. कवितेच्या शिक्षिकेला हे वाचून थोडे वाईट वाटते, पण जे आहे ते आहे.

आता पिल्लू. जन्मतः ते दोन-तीन मिलिमीटरचे असते, वजन एक-दोन मिलिग्रॅम. आठही भुजा असतात, पण आखूड, आणि प्रत्येकीवर अवघे तीन चूषक. शाईची पिशवी असते, रंग बदलणारे ठिपके असतात, डोळे शरीराच्या मानाने फार मोठे असतात. बेडकाच्या किंवा कोळंबीच्या पिल्लासारखे ते प्रौढाहून अगदी वेगळे दिसत नाही, म्हणून मराठी विश्वकोशातला 'डिंभ' हा शब्द त्याला पुरता लागू पडत नाही. शास्त्रज्ञ त्याला 'पॅरालार्व्हा' म्हणतात. तळाशी राहणाऱ्या या प्राण्याचे बाळपण मात्र पाण्याच्या वरच्या थरात, प्रवाहाबरोबर तरंगत जाते. असे दीड-दोन महिने काढल्यावर, भुजांवर विसाहून अधिक चूषक आले की ते तळाशी उतरते. शरीरात उरलेला अंड्यातला बलक फार तर काही दिवस पुरतो. त्याच्या आत शिकार जमली पाहिजे. आई नाही, शिकवणारे कोणी नाही. डोळ्यांनी हेरायचे, झेप घ्यायची, धरायचे आणि भक्ष्याच्या आतला गर शोषून घेऊन कवच टाकून द्यायचे, हे सारे पहिल्याच आठवड्यात.

भक्ष्य कोणते? समुद्रात ते मुख्यतः खेकडे, कोळंबी यांची सूक्ष्म पिल्ले खाते. आपली शाळा सुरू होण्याच्या थोडे आधी, १९६३ साली, जपानमध्ये ऑक्टोपसची पिल्ले प्रथमच तळाशी उतरेपर्यंत टाकीत वाढवता आली, ती कोळंबीची जिवंत पिल्ले खाऊ घालून. पण अशी पिल्ले रोज, हजारोंच्या संख्येने, ठरल्या वेळी आणायची कोठून? म्हणून सारे आर्टेमियाकडे वळले.

आर्टेमिया हा खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहणारा झिंग्याच्या जातीचा चिमुकला जीव. मुंबईच्या आसपासच्या मिठागरांतही तो सापडतो. त्याची अंडी वाळूच्या कणांसारखी कोरडी होऊन वर्षानुवर्षे डब्यात टिकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की सुमारे एका दिवसात त्यांतून अर्ध्या मिलिमीटरची पिल्ले निघतात. अमेरिकेतील युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेकची अंडी जगभर जातात, आणि कोळंबीच्या व माशांच्या अंडी उबवणी केंद्रांचे काम त्यांवर चालते. ऑक्टोपसच्या पिल्लांनीही आर्टेमिया आनंदाने खाल्ला. टाकी भक्ष्याने गजबजलेली, पिल्लांची पोटे भरलेली. आणि तरीही दोन-चार आठवड्यांत पिल्ले थव्याने मरत.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवले. याचे कारण पुढे सांगेन.

उलगडा हळूहळू झाला, आणि तो अजून पूर्ण झालेला नाही. ऑक्टोपसच्या पिल्लाचे डोळे आणि मेंदू झपाट्याने वाढत असतात. त्यांना डीएचए नावाचे ओमेगा-३ मेदाम्ल आणि फॉस्फोलिपिड या वर्गातले स्निग्ध पदार्थ भरपूर हवे असतात. खेकड्याच्या पिल्लांत ते असतात, आर्टेमियात नसल्यातच जमा. मग शास्त्रज्ञांनी आर्टेमियालाच आधी शैवाल किंवा माशाच्या तेलाचे दुधट मिश्रण खाऊ घातले, म्हणजे भक्ष्याच्या पोटातून पोषण जाईल. परंतु आर्टेमिया त्यातला डीएचए स्वतःच मोडून टाकतो. आणि तेल वाढवावे तर ऑक्टोपसला साधी चरबी नीट पचत नाही. त्याची सारी भिस्त प्रथिनांवर. शिवाय त्याच्या निळ्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचे असते, आपल्यासारखे लोहाचे नव्हे, त्यामुळे आहारात तांबे पुरेसे लागते. स्पेनमधील व्हिगो येथील सागरी संस्थेच्या संशोधकांनी आर्टेमियाच्या जोडीला एका मोठ्या समुद्री खेकड्याची पिल्ले दिली, तेव्हा टाकीत जन्मलेला ऑक्टोपस पहिल्यांदा प्रौढावस्थेपर्यंत पोहोचून जीवनचक्र पूर्ण झाले. त्यांचा लेख २००४ सालचा. म्हणजे जपानी प्रयोगापासून एक्केचाळीस वर्षे, आणि शेवटी उत्तर तेच निघाले : थोडा तरी खेकडा हवाच.

आपल्या गावाला हा प्रश्न अनोळखी नाही, असे मला राहून राहून वाटते. चेलुवांबा विलास या राजवाड्यात १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली, आपल्यापैकी कित्येकांचे वडील-आजोबा तिथे नोकरीला होते. तिथल्या शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता तो माणसाच्या बाळाचा. देशात म्हशीचे दूध मुबलक, पण त्यात स्निग्धांश जास्त आणि पोटात गेल्यावर त्याची घट्ट गाठ होते. तान्ह्याला ते पेलत नाही. त्या दुधाचे रूप पालटून तान्ह्यांना पचेल असा आहार करण्याची पद्धत त्यांनी बसवली, आणि तोच पुढे आणंदच्या सहकारी संघाने अमूलच्या नावाने घरोघर नेला. दूध भरपूर असूनही बाळ पोसले जात नाही, हे कोडे या शहराने एकदा सोडवून दाखवले आहे.

सगळ्याच जाती अशा हट्टी नसतात. मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर 'ऑक्टोपस माया' नावाची जात आहे. तिची अंडी संख्येने कमी पण आकाराने मोठी, आणि पिल्लू जन्मतःच तळाशी उतरते, तरंगण्याचा कालखंडच नाही. सिसाल येथे तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या केंद्रात या पिल्लांना खेकडा व माकूल यांचा लगदा जिलेटिनने घट्ट करून देतात. माशांना चालतात ते कोरडे दाणे मात्र या पिल्लांना मानवत नाहीत, वाढ खुंटते. आपल्याकडे केरळात विळिंजम येथे ऑक्टोपसच्या नात्यातला माकूल, ज्याला कोकणात म्हाकूल म्हणतात, अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत टाक्यांत वाढवला गेला आहे. त्याचीही पिल्ले जन्मतः मोठी, प्रथम जिवंत बारीक झिंगे आणि मग हळूहळू मेलेल्या माशाचे तुकडे अशी त्यांची सवय बदलता येते.

तळाशी उतरल्यावर तरी सुख असावे, तर तेही नाही. ज्या झिंग्या-खेकड्यांवर पिल्लू वाढते त्यांच्याच अंगात ॲग्रेगेटा नावाचा सूक्ष्म परजीवी दडलेला असतो. तो ऑक्टोपसच्या आतड्यात घर करतो आणि खाल्लेले अंगी लागू देत नाही. टाकीत गर्दी झाली किंवा कातडी खरचटली की जिवाणूंमुळे व्रण पडतात, आणि त्याच्या अंगावर ना खवले ना कवच, सगळी उघडी नाजूक त्वचा. पाणी तापले, प्राणवायू उतरला तर आधी खाणे सुटते. एकलकोंडा प्राणी आहे तो. दाटीवाटीत ठेवला तर थोरला धाकट्याला खातो, आणि फार त्रासलेला ऑक्टोपस स्वतःच्याच भुजा कुरतडू लागतो. हे शेवटचे मी वर्गात सांगितले नाही. आज पालकांपुढे सांगते आहे.

आता मघाशी पुस्तक बाजूला ठेवले त्याचे कारण.

आपल्या शाळेत काही वर्षे 'रिकामा डबा' नावाचा उपक्रम चालू होता. मधल्या सुट्टीनंतर वर्गप्रतिनिधी डबे पाहत, आणि ज्याचा डबा रिकामा त्याच्या नावापुढे तारा. ही कल्पना माझी. तक्त्यावर ताऱ्यांच्या रांगा पाहून मला धन्यता वाटे, स्नेहसंमेलनात मी त्याचा उल्लेखही केला होता. नंतरच्या वैद्यकीय तपासणीत सातवी ते दहावीच्या बऱ्याच मुलींच्या रक्तात लोह कमी निघाले. त्यांतल्या एकीच्या नावापुढे सलग सर्वाधिक तारे होते. तिचा डबा रोज चित्रान्नाचा किंवा शेवयांचा, रोज चाटूनपुसून रिकामा. सकाळी चहा आणि बिस्कीट. तिची आई पहाटे पाचला कामाला जाणारी. तिने आपल्या परीने लेकीचे पोट भरून पाठवले होते. डब्यात काय आहे हे पाहायला हवे होते ते मी, आणि मी पाहिले ते डबा रिकामा झाला की नाही एवढेच. ते तारे मी काढून टाकले.

त्यानंतर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. बुधवारी आणि शनिवारी हुरळीची किंवा मुगाची उसळ शाळेतच शिजते, वर लिंबू पिळून. रागीची भाकरी किंवा मुद्दे घरी होत असेल तर ती डब्यात आणायला लाज वाटू नये, म्हणून शिक्षकांनी स्वतः आणायला सुरुवात केली. जेवणाबरोबर चहा नको, हे पालकसभेत सांगितले, आणि त्यावर दोन आजोबा माझ्याशी बराच वेळ भांडले. ज्या माजी विद्यार्थ्यांनी उसळीचा खर्च उचलला आहे, त्यांनी नावे छापू नयेत असे बजावल्यामुळे इथे नुसतेच आभार मानते.

परत ऑक्टोपसकडे येऊ, कारण मुलांचा दुसरा प्रश्न शिल्लक आहे. नववीत गेल्यावर त्याच मुलीने विचारले, "बाई, ह्याला वाढवायचेच कशाला?" यावर आम्ही एक तास वर्गात वाद घडवून आणला. वाढवावे म्हणणाऱ्यांची बाजू हलकी नव्हती. समुद्रातला ऑक्टोपस मासेमारीने घटतो आहे, मागणी वाढते आहे, टाकीत वाढवला तर समुद्रातल्याला उसंत मिळेल. शिवाय तो झपाट्याने वाढतो, स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर समुद्रातून पकडलेले पाऊण किलोचे ऑक्टोपस पिंजऱ्यात तीन-चार महिन्यांत अडीच-तीन किलोचे होतात. एका कोकणी मुलाने तर विचारले की कोंबडीला जो न्याय तोच ह्याला का नको.

विरुद्ध बाजूने मुलांनी हिशोब मांडला. हा मांसाहारी जीव, त्याचे एक किलो वजन वाढवायला त्याच्या कित्येक पट मासे-खेकडे समुद्रातूनच काढावे लागणार, मग उसंत कोणाला मिळाली? आणि तो बुद्धिमान आहे, बरणीचे झाकण उघडतो, माणसे ओळखतो. ब्रिटनने २०२२ च्या प्राणिकल्याण कायद्यात ऑक्टोपस-माकूल यांना संवेदनक्षम जीव मानले आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी २०२४ मध्ये ऑक्टोपसच्या शेतीवर बंदी घातली. दुसरीकडे नुएवा पेस्कानोवा या स्पॅनिश कंपनीने ग्रान कनारिया बेटावर वर्षाला सुमारे तीन हजार टन उत्पादनाची शेती उभारण्याची योजना मांडली, आणि तिच्यावरून युरोपात मोठा वाद पेटला.

माझे मत विचाराल तर सांगते. वर्गात सांगितले नव्हते, कारण बाईंनी मत दिले की वाद संपतो. माझे आजोळ मालवणचे. मी मासे खाते, म्हाकलाचे सुके मला आवडते, जिताड्याची शेती मला योग्य वाटते. परंतु ऑक्टोपसची शेती मला पटत नाही. एकट्याने राहणाऱ्या जिवाला दाटीत कोंडायचे, आणि त्याचे पोट भरण्यासाठी दुसऱ्या समुद्रांतली मासळी उपसायची, यात मला शहाणपण दिसत नाही. त्याच्या पिल्लांचा अभ्यास मात्र व्हावा, व्हावाच. आर्टेमियात काय उणे आहे हे आपल्याला त्या पिल्लांमुळे कळले, आणि तो धडा कोळंबीच्या नि माशांच्या पिल्लांनाही उपयोगी पडतो. वर्गातली मते एकवीस विरुद्ध अठरा पडली, शेती नको या बाजूने. तीन मुलांनी 'अजून ठरले नाही' अशी चिठ्ठी टाकली, आणि सरांनी ती मते बाद न करता फळ्यावर वेगळी लिहिली.

प्रश्न विचारणारी ती मुलगी आता दहावीत आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी प्रयोगशाळेत पालथ्या केलेल्या बाटलीत आर्टेमिया उबवला आहे. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ, मत्स्यालयाचा छोटा हवेचा पंप, ऊब राहावी म्हणून जवळ एक दिवा. काल सकाळी अंडी टाकली, आज पहाटे पिल्ले निघाली असे पहारेकऱ्यांनी मला फोनवर कळवले. नारिंगी धूळ हलते आहे असे दिसेल. नीट पाहायला भिंग लागेल, आणि भिंगे चारच आहेत. पिल्लांना आज संध्याकाळपासून शैवालाचे पाणी द्यायचे आहे, कारण त्याआधी ती स्वतःच्या बलकावर असतात आणि काही खात नाहीत. प्रयोगशाळा जिन्याच्या डाव्या हाताला आहे. चहा झाल्यावर दहा-दहाच्या गटाने यावे, आणि बाटलीला हात लावू नये अशी मुलींची विनंती आहे.